बोटभर माया

सुलू गेली तेव्हा मी दादरला कपड्यांवर लावायच्या खड्यांच्या दुकानात भांडत होते. दुकानदार साधे निळे खडे मोरपंखी म्हणून माझ्या गळ्यात मारत होता आणि सुलूने हॉस्पिटलमधून बजावलं होतं, "मंगे, मोरपंखीच आण हं. तुला काय, निळं दिसलं की झालं!" तेवढ्यात तिच्या नवऱ्याचा फोन आला. "मंगल, सुलभा गेली गं..." मी काय बोलले, आठवत नाही. दुकानदाराने न सांगता दुसरा डबा काढला आणि खरे मोरपंखी खडे पुडीत बांधून दिले. ती पुडी मुठीत धरून मी घाटकोपरपर्यंत सुलूला शिव्या देत आले. असं अर्ध्यावर टाकून जातात का गं कुणी?

आम्ही एकाच मजल्यावरच्या, तीस वर्षांपासूनच्या शेजारणी. ती ब्लाउज शिवायची, मी हुक आणि टिकल्या लावायचे. मशीनला मी हात लावत नसे. "तुझी शिवण बघून घेरी येते," असं ती तोंडावर सांगायची. आमच्या ह्या कारभारात स्केटिंग आणलं वरच्या मजल्यावरच्या स्वराने. सहा वर्षांची पोर, शाळेच्या सिमेंटच्या मैदानावर चाकांचे बूट घालून गाण्यावर गिरक्या घ्यायची, एका पायावर तोल सांभाळत दुसरा मागे उचलायची. फिगर स्केटिंग म्हणे! स्पर्धेसाठी तिला झगमगीत झगा हवा होता. सुलू म्हणाली, "त्यात काय? ब्लाउजला घेर लावला की झालं."

आणि तिने खरंच तेच केलं. सॅटिन, आतून अस्तर, पाठीला हुक, पोरीला सरळ उभी करून घेतलेलं माप. फिटिंग एकदम झकास. स्पर्धेत स्वराने पाय उचलला आणि चर्रर्र... काखेपासून कमरेपर्यंत झगा फाटला. पोरं फिदीफिदी हसली. सुलू तरातरा मैदानात गेली, आपली ओढणी पोरीच्या कमरेला गुंडाळली आणि तिला म्हणाली, "चूक माझी आहे. तू पाय बरोबर उचललास." सगळ्या मैदानादेखत तिने त्या चिमुरडीची माफी मागितली. मला तेव्हा लाज वाटली होती. आज अभिमान वाटतो.

त्यानंतर बाई हट्टालाच पेटली. ताणलं जाणारं लायक्रा आणलं, चार झगे शिवले, चारही उसवले. शेवटी तिने माप घ्यायची रीतच बदलली. खांद्यावरून टेप खाली, दोन्ही पायांमधून पाठीवरून परत खांद्यावर. ह्याला ती 'झोळीचं माप' म्हणायची. मग पोरीला चटईवर उभी करून हुकूम सोडायची, "वाक. पाय वर. आता पड." आया घाबरायच्या. "अहो, पडायला कशाला सांगता?"

"पडणारच आहे ती. पडल्यावर कपडा सरकला की पोर आधी कपडा ओढते, मग उठते. तेवढ्यात गाणं पुढे जातं ना!"

पाच वर्षांत मुलुंडपासून बोरिवलीपर्यंतच्या आया आमच्या दारात चपला काढू लागल्या. सुलूने कुणाला नाही म्हटलं नाही, आजार कळल्यावरही नाही. हॉस्पिटलात भरती व्हायच्या आदल्या दिवशी, मी "पुरे कर गं बये आता" म्हणून ओरडत असताना, तिने जमिनीवर बसून स्वराचा जिल्हा स्पर्धेचा झगा कापला. शिवणं राहिलं.

स्पर्धा नेमकी सुलूच्या नवव्या दिवशी. अकरा वर्षांच्या स्वराला जुना झगा होत नव्हता, आणि ह्या एका दिवसासाठी तिने वर्षभर गुडघे फोडून घेतले होते. तिची आई दारात आली आणि काही न मागता परत गेली. मी म्हटलं, मी शिवते. सुलूची मोठी नणंद कडाडली, "सुतकात सुई धरत नाहीत. घरात मशीन वाजायचं नाही." घर त्यांचं, मशीनही त्यांचं. तेव्हा कॉटवर बसलेली सुलूची सासू बोलली. म्हातारी मालवणची.

"पोरगी थंय उघडी नाचतली काय? मशीन काढ गो, मंगल. माज्या सुनेचा काम अर्धा रवला तर माका घास उतरात?"

नणंदेनेच मशीनवरचं कापड काढलं.

बसले खरी, पण सवय कुठे होती? लायक्रा म्हणजे मांजराचं पिल्लू, धरावं तर निसटतं. शिवणीच्या आत राखलेल्या कापडाला आम्ही माया म्हणतो. सुलू लायक्राला जेमतेम पाव इंच माया सोडायची. "जास्त सोडली की पोरीला टोचते," हा तिचा कायदा. माझा हात जरा वाकडा गेला की वाट लागली, दुसरं कापड नव्हतं. मी तिने गुंडाळून ठेवलेले तुकडे उघडले, खडूच्या रेघेवर बोट ठेवलं... रेघेबाहेर बोटभर कापड होतं. बाहीला, कमरेला, सगळीकडे. आधी वाटलं, आजारात चुकली बिचारी. पण सुलू कापताना चुकत नसे. हा झगा कोण शिवणार, हे तिला कापतानाच ठाऊक होतं. मी मशीनवर डोकं टेकलं आणि मोठ्याने रडले. मग शिवायला घेतलं. दोनदा वाकडं गेलं, दोनदा उसवलं, तिसऱ्यांदा शिवण रेघेवर बसली. शेवटी पुडीतले मोरपंखी खडे लावले.

स्वराचा तिसरा नंबर आला. परवा तिची आई झगा घेऊन आली. "मंगलकाकी, आत फार कापड राहिलंय हो, स्वराला टोचतं. कापून देता?"

कापायला माझा जीव होईना. पण पोरीला टोचतं म्हटल्यावर काय करणार? मी कात्री घेतली आणि पाव इंच ठेवून सगळी माया कापून काढली. त्या पट्ट्या मशीनच्या खणात ठेवल्यात, कुणाला हात लावू देत नाही. आज सकाळी बोरिवलीच्या एका मुलीचा झगा मी कापला. माया पाव इंच सोडली.