आलेच

आयर्लंडच्या शाळेत एक वर्ष बिनपरीक्षेचं असतं. त्या वर्षी पश्चिमेकडच्या आमच्या छोट्या एनिस गावातल्या शाळेची जर्मनीची सहल रद्द झाली. त्याऐवजी जर्मन शिकणाऱ्या मुलींना डब्लिनमधल्या एका जर्मन शाळेत एका दिवसासाठी पाठवलं गेलं. एकेका वर्गात एकेक मुलगी, आणि तिच्यासोबत दिवसभर त्या वर्गातली एक सोबतीण.

माझी सोबतीण आयरिश होती. तिने दारातच विचारलं, "एनिस? तिकडे वीज आली का?"

"मागच्या आठवड्यात."

ती मोकळेपणाने हसली. वर्गात मात्र शिक्षिकेने तिच्या शेजारची, खिडकीजवळची रिकामी खुर्ची मला दाखवली आणि तिचं हसू गेलं. मी बसले. वर्गातली कुजबुज थांबली नाही, पण खाली आली. डेस्कच्या कोपऱ्यात निळ्या पेनाने ठिपक्यांची छोटी रांगोळी काढलेली होती. बाकी डेस्क घासून स्वच्छ केलेलं होतं, तेवढा कोपरा सोडून.

मधल्या सुट्टीत जिन्यावर मागून कुणीतरी हाक मारली. नाव माझं नव्हतं, पण मराठी होतं आणि उच्चार बरोबर होता, म्हणून मी वळले. खालच्या पायरीवर एक मुलगा उभा होता. माझा चेहरा दिसताच त्याचा उतरला. "सॉरी," म्हणाला आणि आल्या वाटेने खाली गेला. नाव कुणाचं, हे मी सोबतिणीला विचारलं. ऐकू आलं नाही असं तिने दाखवलं.

भूगोलाच्या तासाला मला बाहेर जायचं होतं. शिक्षिकेने परवानगी दिली. घरी आपण उठता उठता जे म्हणतो तेच माझ्या तोंडात आलं, फक्त जर्मनमध्ये. 'आलेच'साठी मी जुळवलेले शब्द होते, "इश बिन शोन दा". त्याचा अर्थ होतो, 'मी इथे पोचलेय.' आणि हे म्हणत मी दाराबाहेर चालले होते.

मागच्या बाकावरचा एक जण खिदळला. बाकी कुणी हसलं नाही. सोबतीण अर्धवट उठून उभी राहिली होती आणि माझ्याकडे नाही, खुर्चीकडे बघत होती.

शाळा सुटल्यावर ती मला ट्रामच्या थांब्यावर सोडायला आली. थांबा सँडीफोर्डला, ऑफिसांच्या आणि अपार्टमेंटच्या मधे. पाऊस भुरभुरत होता. बाक उघड्यावर होता, तरी ती त्यावर बसली, म्हणून मीही बसले.

"तू वर्गात ते का म्हणालीस?" तिने विचारलं. "तुला कुणी सांगितलं होतं?"

"काय सांगितलं होतं?"

मग तिने सांगितलं. खुर्ची तिच्या मैत्रिणीची होती. ती पुण्याच्या कुटुंबातली, समोरच्या इमारतीत राहायची. दोघी एकमेकींना जर्मनमध्ये मेसेज करायच्या, आईबापांना कळू नये म्हणून. गेल्या हिवाळ्यात दोघींनी याच थांब्यावर भेटायचं ठरवलं होतं. मैत्रिणीचा मेसेज आला: बिन शोन दा. ही उशिरा पोचली, तेव्हा इथे कुणी नव्हतं. इमारतीसमोरच्या क्रॉसिंगवर तोवर गाडीने मैत्रिणीला उडवलं होतं.

"ती इथे माझी वाट बघत बसली," सोबतीण म्हणाली. "कंटाळली. परत घरी निघाली. मी वेळेवर आले असते तर ती परत गेलीच नसती."

मी तिला शब्दाचं सांगितलं. आमच्याकडे 'आले' म्हणणारा माणूस आलेला नसतो. निघालेलाही नसतो. तो घरात एक मोजा शोधत असतो. माझी आई आंघोळीला जाताना 'आलेच' म्हणते. तुझ्या मैत्रिणीने मराठीत विचार करून जर्मनमध्ये लिहिलं, मी आज केलं तसंच. ती घरून इकडे यायला निघाली होती. इथे कधी पोचलीच नाही.

"नक्की?"

"आमच्या घरात तरी असंच बोलतात."

ती रडेल असं वाटलं होतं. तिने बाकाच्या टोकावरून हात फिरवला.

"त्या दिवशीही पाऊस होता," ती म्हणाली. "असाच. बाक सगळा ओला होता. या टोकाला एक जागा कोरडी होती. एका माणसाएवढी."

"दुसरं कुणी बसलं असेल."

"हो. असेल." मग पुन्हा, मलाच समजावल्यासारखं, "ग्रँड." इथे 'ठीक आहे'ला तेच म्हणतात. "दुसरं कुणीतरी."

ट्राम आली. मी चढले आणि काचेतून मागे पाहिलं. तीही उठली होती. आमच्या दोघींच्या जागा बाकावर कोरड्या, फिकट उमटल्या होत्या आणि पाऊस त्यांच्यावर ठिपके काढत होता. ती वाकून त्या बघत होती. मोजत होती म्हणा. मी हात हलवला. तिने वर पाहिलं नाही.

फोन वाजला. आई होती. "कुठे आहेस गं? निघालीस ना?"

'आले' शब्द जिभेवर आला होता. ट्रामची दारं अजून उघडीच होती.

"नाही," मी म्हटलं. "अजून इथेच आहे."