वाळवणाची जागा

गच्चीवर सोलर पॅनल बसवल्यापासून आमचं विजेचं बिल जवळपास शून्यावर आलंय. येईल त्याला मी ते कौतुकाने दाखवतो.

गेल्या आठवड्यात खिडकीतून खालच्या बिऱ्हाडातल्या शांताबाई दिसल्या. विकायच्या कुरडया त्या दर उन्हाळ्यात आमच्या गच्चीवर वाळत घालायच्या. आता रस्त्याकडेला खाट टाकून कावळे हाकत बसल्या होत्या. मी खाली जाऊन ओशाळल्यासारखं काहीबाही बोललो.

"असू द्या हो. ऊन काय, सगळीकडे सारखंच," त्या म्हणाल्या.

आज त्यांनी नेहमीसारख्या थोड्या कुरडया आणून दिल्या. तळल्यावर छान फुलल्या, पण पहिल्याच घासाला दाताखाली धूळ कचकचली.

गच्चीवर दिवसभर ऊन कुठे टिकतं, हे पॅनल बसवताना मी त्यांनाच विचारलं होतं. त्यांनी आपली वाळवणाची जागा दाखवली होती.