क्वालालंपूरमधले सव्वीस तास आणि बेल्याचा रस्ता

दादाचा फोन आला तेव्हा मी मेलबर्नला आठवड्याची भाजी घेत होते. बाबांना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली होती, आणि आदिलाबादच्या दवाखान्यात ते अडखळत माझं नाव घेत होते. टोपली तिथेच ठेवून घरी आले आणि मिळालं ते तिकीट काढलं: मेलबर्न ते क्वालालंपूर, तिथून हैदराबाद, पुढे गाडीने आदिलाबादपलीकडे, आमच्या बेल्याकडच्या गावाला. मध्ये विमान बदलायला दोनच तास होते. दोन तास पुरत नाहीत हे याच ब्लॉगवर मी दहादा लिहिलंय. दुसऱ्याला शहाणपण शिकवणं सोपं असतं.

मेलबर्नचं विमान उशिरा उडालं आणि हैदराबादचं माझ्याशिवाय गेलं. सकाळचे साडेनऊ वाजले होते. काउंटरवरच्या मुलीने दोन पर्याय दिले. एक, चेन्नईमार्गे दुपारच्या विमानाची प्रतीक्षायादी. जागा मिळेल की नाही याची खात्री नाही, आणि तोवर विमानतळ सोडायचा नाही. दुसरा, उद्या सकाळचं पक्कं तिकीट आणि रात्रीचं हॉटेल. मी यादीत नाव घालणारच होते. आधी दादाला विचारावं म्हणून फोन लावला.

“घाई नोको करू,” तो म्हणाला. “बाबा आता बरे हायेत, झोपून राह्यले. तू उद्या आरामात ये. शहर पाहून घे.”

सरळच सांगते. बाबा त्या दिवशी पहाटेच गेले होते. आमच्या भागात वाटेवरच्या माणसाला अशी बातमी देत नाहीत. घर जवळ आलं की सांगतात. मला हे माहीत नव्हतं असं नाही. आजोबा गेले तेव्हा आत्याला आणायला बसस्टँडवर मीच गेले होते, आणि ‘सगळं ठीक आहे’ म्हणत तिला घरापर्यंत घेऊन आले होते. तरी दादाचं बोलणं मला खरं वाटलं. मला ते खरं हवं होतं. मी पक्कं तिकीट घेतलं.

आता शहराबद्दल, कारण तुमच्यापैकी बरेच जण त्यासाठीच इथे येता. आपल्याला सध्या मलेशियाचा व्हिसा लागत नाही, पण येण्याचा ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो. नियम बदलतात, निघण्याआधी तपासा. विमानतळावरून शहरात जायला वेगवान रेल्वे आहे, पंचावन्न रिंगिट आणि अर्धा तास. महाग आहे, बस त्याहून बरीच स्वस्त. पण एकच दिवस हाताशी असेल तर रेल्वेच घ्या. मुख्य स्टेशनवरूनच बाटू गुहांची लोकल मिळते.

तिथे पोचले तेव्हा दुपारचा एक वाजत आला होता. रंगीत पायऱ्या, पावणेतीनशेच्या आसपास. माकडं हातातली पिशवी ओढतात, पाण्याची बाटलीसुद्धा सोडत नाहीत. खाली मुरुगनची सोनेरी मूर्ती, डोंगराएवढी. मुरुगन म्हणजे आपला कार्तिकस्वामी, ज्याचं दर्शन आमच्याकडे बायका घेत नाहीत. इथे रांगेत बायकाच जास्त होत्या. आई ओरडेल म्हणून घरच्या ग्रुपवर मी फक्त पायऱ्यांचा फोटो टाकला, माझा हसरा चेहरा कोपऱ्यात. वहिनीने लगेच अंगठा पाठवला. वर गुहेत हात जोडून मी बाबांचा उजवा हात पुन्हा चालू दे, एवढंच मागितलं. नंतर वेळा जुळवल्या तेव्हा कळलं, गावात तेव्हा तिरडी बांधत होते.

जेवायला स्टेशनजवळच्या ब्रिकफील्ड्सला आले. ही तिथली भारतीय वस्ती. केळीच्या पानावर भात, रस्सम, तळलेलं कारलं, दोन भाज्या, पापड. शाकाहारी जेवण पंधरा रिंगिटच्या आत. वाढणाऱ्या बाईंचे आजोबा आंध्रातून मळ्यावर कामाला आलेले. मी तेलंगणाची म्हटल्यावर त्या तेलुगूत बोलायला लागल्या, आणि माझं शाळेतलं तेलुगू कामाला आलं. वडील दवाखान्यात आहेत म्हटल्यावर त्यांनी न विचारता आणखी भात वाढला. तिकडे धावपळ करावी लागेल, म्हणाल्या, पोटभर जेव. मी जेवले. किती दिवसांनी इतकं चवीने जेवत होते. पानाचाही फोटो टाकला. त्यावर कोणीच काही म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी हैदराबादला मामेभाऊ गाडी घेऊन आला होता. आदिलाबादपर्यंत हमरस्ता उत्तम आहे. चहाला निर्मलला थांबा, पुढचा घाट उजेडात ओलांडा. त्याने सगळा रस्ता कापसाच्या भावाच्या गप्पा मारल्या. आदिलाबादला गाडी दवाखान्याकडे वळली नाही, बेल्याच्या रस्त्याला लागली. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने वेग कमी केला नाही, फक्त मान हलवली. घर येईपर्यंत दोन्ही बाजूंना कापूस उभा होता.

दादाने डोक्यावरचे केस काढले होते. त्याला पाहून रडू यायच्या आधी राग आला. मी यादीत नाव घातलं असतं, तू अग्नी द्यायला थोडं थांबला असतास, मला बाबांचं तोंड तरी दिसलं असतं, असं बरंच बोलले. जागा मिळालीच नसती तर, आणि मिळाली तरी दुसरा दिवस उजाडला असता, असं तो म्हणाला. मग म्हणाला, “सांगतलं असतं तर त्या परक्या मुलखात तू एकटीनं काय केलं असतं?”

“रडले असते.”

“कोनापाशी?”

त्याला मी अजून माफ केलेलं नाही.

मेलबर्नला परत येऊन महिना झाला. विमान बदलायला चार तास ठेवा, आणि घरी कोणी आजारी असेल तर विमानतळावरच थांबा, एवढा सल्ला देते. गावी असताना त्या दिवसाचे फोटो खोडायला दोनदा फोन हातात घेतला होता. त्या भाताची मला फार लाज वाटत होती. ती आईनेच दूर केली, मी गावी पोचल्याच्या तिसऱ्या दिवशी. ती भिंतीला टेकून बसली होती. तिने विचारलं, त्या दिवशी तू जेवली होती का? खोटं बोलावंसं वाटलं, पण घरात आधीच पुरेसं खोटं बोलून झालं होतं. मी सांगितलं, हो, दोनदा भात घेतला.

“बरं केलं,” ती म्हणाली. “आपल्या घरी चूल नाई पेटली. शेजारच्यायनं आणलं ते तसंच राह्यलं. घरातलं एक तरी जेवलं.”

मग तिने पानात काय काय होतं ते विचारलं.