पीआरची फाइल आणि बाबांच्या चकरा

आमच्या पीआरच्या फाइलीत जेवढे कागद गेले, त्याहून जास्त किस्से त्या कागदांमागे साचले. कागद कुणीतरी तपासून कपाटात टाकले असतील. किस्से मात्र माझ्याकडेच पडून आहेत. चार माणसं जमली, चहा झाला, की एकेक निघतो. पूर्वी सांगताना मीच आधी हसायचो. हल्ली ऐकणारे हसतात आणि मी कप विसळायला उठतो.

'आमच्या' म्हणजे दोघांच्या. मी प्रमोद, बुलडाणा जिल्ह्यातल्या धामणगाव बढ्याचा, शेतकीची पदवी घेतलेला. आणि इरफान, पिंपळगाव राजाचा, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या मशिनी दुरुस्त करणारा. आमची ओळख झाली ती थेट ऑस्ट्रेलियात, कापसाच्या पट्ट्यातल्या एका छोट्या गावात! तो तिथल्या जिनात कामाला, मी शेतांवर फवारणीचा सल्ला द्यायला. आपल्याकडे बीटी कापूस येऊन काही वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. एकाच घरात खोल्या घेतल्या आणि एकाच महिन्यात दोघांनी पीआरचा, म्हणजे तिथं कायम राहायच्या परवानगीचा, अर्ज केला.

गावाकडचे कागद गोळा करायचं काम माझ्या बाबांकडे. बाबा शाळेत क्लार्क होते, नुकतेच रिटायर झालेले. इरफानला वडील नव्हते, म्हणून त्याचेही कागद बाबाच आणायचे. पिशवी घेऊन एसटीनं मोताळा, खामगाव, बुलडाणा. "नोकरीत असताना लोकाइले चकरा मारायले लावल्या," म्हणायचे, "आता माह्या चालू झाल्या!"

*

पहिलाच कागद जन्मतारखेचा.

आमचं काम बघणारी वकीलबाई, हेलन, दोघांचे पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवून बघत बसली. दोघांची तारीख एक जून. वर्षही तेच!

"तुम्ही जुळे आहात का?" एकाचं नाव प्रमोद, एकाचं इरफान, तरी विचारलं बिचारीनं.

मी बाबांना फोन लावला. बाबा म्हणाले, "तिले सांग, आमच्याकडं शाळेत नाव टाकताना मास्तर लेकराचा हात डोक्यावरून कानापर्यंत पोचते का पाह्यते, अन् एक जून लिहून देते. एका दुपारात चाळीस लेकरं जन्माले घातले त्यानं!"

हेलन खूप हसली. मग म्हणाली, "बरं, खरी तारीख कोणती?"

आईला विचारलं. आई म्हणाली, "दुसरी वेचणी चालू होती कापसाची. मी अर्ध्या वावरातून घरी आली. मंग तू झाला."

हेलननं पेन उचललं, परत खाली ठेवलं आणि एक जूनच राहू दिली.

वेचणी कुठल्या वर्षीची, दिवाळीच्या आधी की नंतर, हे आईला नीट बसून विचारायचं मी ठरवलं होतं. ते राहिलंच. आता आई नाही.

*

मग पोलीस व्हेरिफिकेशन. ठाण्यातून शिपाई धामणगावला आला आणि चौकशी करायला शेजारच्या गजाननकाकांच्या ओट्यावर बसला.

"पोरगा कसा आहे?"

"लय चांगला. कोणाच्या अध्यात नाई का मध्यात नाई."

"मंग गेला काऊन?"

"चांगला होता म्हणूनच गेला ना, साहेब! वाईट असता तं इथंच असता, आमच्यासारखा!"

शिपायानं हसत हसत 'वर्तणूक चांगली' असं लिहून घेतलं, चहा पिऊन गेला. बाबांनी हे सगळं मला फोनवर गजाननकाकांचा आवाज काढून सांगितलं. मी पोट धरून हसलो.

हसणं थांबल्यावर बाबा म्हणाले, "गजाननचा सुरेश तिथंच बसेल होता. तो काई हसला नाई."

सुरेश माझ्याच वर्गातला. गणितात माझ्यापेक्षा हुशार.

*

इरफानचं घोडं इंग्रजीच्या परीक्षेत अडलं. लिहिणं, वाचणं, ऐकणं पास. बोलण्यात नापास!

तसा तो बोलायला कधी घाबरायचा नाही. जिनातल्या गोऱ्या फोरमनला तो "क्या बे, मशीन स्लीपिंग?" असं विचारायचा आणि त्याला ते कळायचंही. परीक्षेतही सुरुवात झकास झाली. परीक्षा घेणाऱ्या बाईंनी गावाचं नाव विचारलं. यानं सांगितलं, पिंपळगाव राजा. 'राजा' म्हणजे किंग, हेही सांगितलं.

"अरे वा! मग तिथं राजा आहे?"

"नो मॅडम. राजा गॉन. ओन्ली पिंपळगाव!"

बाई हसल्या. इरफानला वाटलं, जिंकलो. मग त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, "तुम्हाला परत तिथं राहायला आवडेल का?"

"क्या बोलता भाऊ," तो मला नंतर सांगत होता, "हो म्हणलं तं पीआर कायले पायजे विचारतीन. अन् नाई म्हणायले जीभच उचलेना."

बोलणं रेकॉर्ड करणारी टेप संपेपर्यंत तो गप्प बसला. निकालात बोलण्याचे मार्क कमी आले. त्यानं पुन्हा फी भरली, पुन्हा परीक्षा दिली. दुसऱ्या वेळी त्याला आवडत्या खेळाबद्दल विचारलं. पास झाला.

*

एकदा मी बाबांना ऑस्ट्रेलियातल्या कापसाचा फोटो पाठवला. क्षितिजापर्यंत पांढरं शेत आणि मध्ये टोपी घातलेला मी. बाबांनी तो मोताळ्याला जाऊन मोठा करून आणला आणि बियाण्याच्या दुकानात नेऊन सगळ्यांना दाखवला.

"बियाणं कोणतं?" दुकानदारानं विचारलं.

"बीटीच. आपल्यासारखंच."

"मंग असं काऊन? आपल्याकडं तं पात्या फूल व्हायच्या आधीच गळून राह्यल्या!"

"त्याइच्याकडं पाणी आहे."

सगळे फोटोकडे बघत राहिले. मग कुणीतरी म्हणालं, "पोराले म्हणा, पाण्याचा पीआर भेटते का पाह्य!"

दुकानभर हशा. हा किस्सा मी ऑस्ट्रेलियात खूप ठिकाणी सांगितला, इंग्रजीतसुद्धा. पण त्याचा शेवट तिथं कधी सांगितला नाही. त्याच वर्षी आमच्या सहा एकरांत पानं लाल पडायला लागली. बाबांनी मला फोन केला, "काय फवारू?" मी एका गोऱ्या शेतकऱ्याच्या वावरात उभा होतो. म्हटलं, "बाबा, कामावर आहे, संध्याकाळी करतो." संध्याकाळी विसरलो. दुसऱ्या दिवशी केला, तेव्हा बाबांनी दुकानदाराला विचारून फवारून टाकलं होतं. जे फवारलं त्याचा उपयोग नव्हता. मी इकडचं तिकडचं विचारून फोन ठेवला. बाबांनी पुन्हा शेतीचं कधी विचारलं नाही.

*

इरफानची अम्मी गेली, तेव्हा अर्ज चालू होता. अर्ज चालू असताना देश सोडला तर परत यायला वेगळी परवानगी लागायची, आणि ती हातात पडायला काही दिवस जायचे. पिंपळगावला मिट्टी, म्हणजे दफन, त्याच दिवशी होणार होती.

त्याचा भाऊ मोबाइल चालू ठेवून कब्रस्तानात उभा राहिला. इरफान जिनामागच्या शेडमध्ये कानाला फोन लावून. मी बाजूला. शेवटी भावानं विचारलं, "सुन रहा ना?" इरफाननं मान हलवली. फोनवर मान हलवून काय दिसणार? मी त्याच्या हातातून फोन घेतला आणि म्हणालो, "ऐकतोय तो."

दोन आठवड्यांनी पीआरच्या ऑफिसातून पत्र आलं. कुटुंबाच्या यादीत आईच्या जन्मतारखेचा पुरावा जोडलेला नाही, तो पाठवावा.

बाबा पिंपळगावला गेले. अम्मीचा जन्माचा दाखला कधी निघालाच नव्हता. शाळेत गेली नव्हती, त्यामुळे तिथलीही तारीख नाही. मृत्यूचा दाखला मात्र चार दिवसांत मिळाला. त्यावर ग्रामसेवकानं वय लिहिलं होतं, अंदाजे. तोच लावला.

बाबांनी तो कागद कुरियर केला आणि मला फोन केला. "पाह्य," म्हणाले, "बाईच्या नावाचा पयला सरकारी दाखला."

*

माझा पीआर आला त्या दिवशी मी शेतातूनच घरी फोन केला. आई गेल्याला तेव्हा सात महिने झाले होते. बाबा एकटेच होते.

"बाबा, झालं! परमनंट झालो!"

"बेस झालं," बाबा म्हणाले. "इरफानचं?"

"त्याचंही येईल."

मग त्यांना काहीतरी आठवलं. म्हणाले, "बरं झालं फोन केला. रेशन कार्ड नवीन करून राह्यले तहसीलमंधी. तुह्यं नाव कमी करा म्हणतात. फारम आणला मी."

"करा की कमी."

"कारण लिवा लागते. तीनच कारणं आहेत, एकावर खूण करायची. मयत, लग्न, नाईतं स्थलांतर."

"मग स्थलांतरावर करा ना, बाबा."

फोनवर कागदाची घडी उघडल्याचा आवाज आला. बाबा आयुष्यभर क्लार्क होते. चुकीच्या रकान्यात खूण त्यांनी कधी केली नाही.

"स्थलांतर म्हंजे ते उसतोडीवाले जातात, तसं ना?" ते म्हणाले. "ते तं पावसाळ्यापयले वापस येतात बे."

मी म्हणालो, "हॅलो? बाबा? आवाज येत नाही तुमचा!"

आवाज अगदी स्वच्छ येत होता. त्यांच्या मागं छताच्या टिनांवरून माकडं पळत होती, तीसुद्धा ऐकू येत होती.