शेवटाला आवाज कुठं गेला?

राजारामपुरीत एका शिंप्याच्या दुकानाच्या माडीवर माझा इंग्रजी बोलण्याचा क्लास आहे. माझी माणसं गृहपाठ घरी विसरतात, किस्से मात्र न चुकता आणतात! सर्वांत जास्त किस्से एकाच धड्याचे. वाक्याच्या शेवटाला आवाज चढवायचा कधी आणि उतरवायचा कधी?

मी सांगते, हे तुम्हाला येतंच की. "व्हय?" म्हणजे शंका. "व्हय." म्हणजे विषय संपला!

*

सर्जेराव टूरिस्ट गाडी चालवतात. स्टेशनवर एक परदेशी जोडपं दिसलं. बुकिंग यांचंच का, हे त्यांना विचारायचं होतं, "यू आर कमिंग विथ मी?" पण आवाज मुळात दणदणीत, त्यात शेवटाला खाली आपटला. झाला हुकूम!

जोडप्यानं एकमेकांकडं बघितलं, बॅगा उचलल्या आणि गुपचूप गाडीत बसलं.

पाचच मिनिटांत सर्जेरावांचा फोन वाजला. बुकिंग केलेलं जोडपं वेगळंच, लेट रेल्वेत, अजून मिरजेलाच! सर्जेराव थांबले, चहा पाजला आणि चौघांनाही एकत्र पन्हाळा दाखवून आले.

"मॅडम, ह्यो उतरता आवाज लई कामाचा हाय!"

*

गडहिंग्लजचे बाबगोंडा आण्णा गुळाचे व्यापारी. तीन पिढ्यांचा धंदा, पण परदेशातली ही पहिलीच ऑर्डर. गिऱ्हाईक फोनवर म्हणालं, "फ्रायडे." म्हणजे माल शुक्रवारी निघालाच पाहिजे. गुऱ्हाळ तर पावसानं बंद!

आण्णांना एवढं सगळं इंग्रजीत सांगता येईना. त्यांनी फक्त भुवया उडवल्या आणि आवाज जिन्यावर चढवला, "फ्रायडेऽऽ?"

पलीकडं डायरीची पानं चाळली गेली. मग, "ओके, मंडे?"

आण्णांनी आवाज जिन्यावरनं खाली आणला, "मंडे."

त्या दिवशी अख्ख्या वर्गाला आण्णांनी गूळ वाटला. वर मलाच विचारलं, "मॅडम, एका शब्दात मिटलं. बाकीचे कशाला शिकवताय?"

*

चंदगडची सुषमा इथं एका दवाखान्यात नर्स आहे. घाटात पाय मोडलेला एक परदेशी म्हातारा तिच्या वॉर्डात आला. ऑपरेशनच्या आधी त्याला धीर द्यायचा म्हणून ती म्हणाली, "यू विल वॉक अगेन?"

म्हातारा पांढराफटक पडला!

सुषमाच्या लक्षात आलं. ती तशीच बाहेर गेली, कॉरिडॉरमध्ये हात वरून खाली नेत चार वेळा वाक्य म्हणून बघितलं. परत आत येऊन त्याचा हात धरला. "यू विल वॉक अगेन." पूर्णविराम!

म्हातारा डोळे पुसून स्ट्रेचरवर पडला.

घरी जायच्या दिवशी तो काठी टेकत तिच्या टेबलापर्यंत चालत आला आणि मुद्दाम आवाज चढवून म्हणाला, "आय वॉक्ड अगेन?"

*

सुशीलाक्का गगनबावड्याच्या. साठीच्या, घरी सहा म्हशी. धारा काढून एसटीनं क्लासला यायच्या. त्यांची लेक लग्न होऊन परदेशात गेलेली. फोनवर जावई शेजारी बसायचा आणि तिला इंग्रजीतच बोलायला लावायचा. म्हणून आक्कांनी या वयात इंग्रजी धरलं.

एक दिवस वर्ग सुटल्यावर त्या थांबल्या. "मॅडम, खरंच सुखात असलेलं माणूस 'आय ॲम हॅप्पी' म्हणताना शेवटाला आवाज वर नेतंय का?"

"न्हाय, आक्का."

त्यांनी वही मिटली. दुसऱ्या दिवशी पासपोर्टचा अर्ज घेऊन आल्या. तिथंच बसून भरला.

तिकडं लेकीच्या देशात विमानतळावर पासपोर्ट बघणाऱ्या साहेबानं त्यांना अडवलं. तो प्रसंग आक्कांनी परत आल्यावर वर्गात उभं राहून करून दाखवला.

"व्हाय आर यू हिअर?"

"माय डॉटर."

"विल यू गो बॅक?"

"येस."

"यू हॅव अ रिटर्न तिकीट?" साहेबानं आवाज चढवला.

आक्कांनी दोन बोटं वर केली आणि आवाज खाली आणला.

"टू."