नकटी सरळ गेली

नकटी सरळ गेली आणि आमची दातखिळी बसली.

खरं तर टाळ्या पिटायला हव्या होत्या. वर्षभर या गाडीनं आम्हाला नाकी नऊ आणले होते, आणि आज ती गोदामामागच्या सिमेंटच्या अंगणात, फाटकापासून पार मागच्या भिंतीपर्यंत, सुतात ओवल्यासारखी गेली. डावीकडे बोटभर नाही, उजवीकडे बोटभर नाही. पण कुणी टाळी वाजवली नाही. माझी भाची रिमोट धरून उभी होती. ताई पायरीवर बॅटऱ्यांचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. आणि आमचे दाजी स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होते. अंथरुणात विंचू निघाल्यावर माणूस बघतो, तसे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. धंदा कवळ्या करायचा. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप घेऊन प्लास्टरचा साचा पाठवतात. त्यावर मेण चढवायचं, एकेक दात बसवायचा, गुलाबी हिरडी घडवायची आणि घासूनपुसून कवळी परत पाठवायची, हे दाजींचं काम. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. दाजींचं अख्खं घर बत्तीस वर्षं दात कोरूनच चाललंय. माणसाशी बोलताना ते डोळ्यांत बघत नाहीत, तोंडात बघतात. माझ्या लग्नात माझ्या सासऱ्यांशी ते पहिलं वाक्य बोलले ते असं : "वरची कवळी कुणी केली? सैल आहे."

रिमोटच्या गाड्यांचा शिरकाव या घरात माझ्यामुळं झाला. मी भंगाराच्या वखारीत काट्यावर असतो. एकदा पोत्यातून वीतभर लांबीची एक गाडी निघाली. नाक तुटलेलं, एक चाक गायब, पोटात उंदरानं केलेलं घर. खेळणं म्हणून भाचीला नेऊन दिली. तिच्या आधी दाजींनीच हातात घेतली, उलटी केली, तोंडात बघितल्यासारखं आत बघितलं आणि म्हणाले, "जगेल." कवळीच्या मसाल्यानं तिचं नाक बसवलं. रंग गुलाबी, कारण घरात दुसरा होता कुठं? ती नकटी, आणि ती दाजींचीच झाली. त्यानंतर पंधरा वर्षांत फळ्यांवर एकेचाळीस गाड्या जमल्या आणि प्रत्येकीला कुठं ना कुठं हिरडीचं ठिगळ आहे. बंपर गुलाबी, दांडा गुलाबी, एका ट्रकचं तर बूड गुलाबी.

कामं वाटलेली. मी भंगारातून आणायच्या आणि दात घासायच्या ब्रशनं धुवायच्या. गाडीचं कवच पारदर्शक असतं, ते आतल्या बाजूनं रंगवायचं आणि तेही उलट क्रमानं, आधी बारीक रेघ, मग मोठा रंग. ते ताईचं. ती म्हणते, "संसार तसाच तर केलाय. रंगवला आतून, चकचकीत दिसतो बाहेरून." वायरींचं काम भाचीचं. चोवीस वर्षांची आहे, मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसते, केसाएवढी तार चिमट्यात धरते. म्हणून तिचं नाव चिमटी.

आणि घरात एक कायदा होता. ज्याची गाडी त्यानंच चालवायची. दाजी म्हणायचे, "दुसऱ्याची कवळी घालतं का कुणी?" हा कायदा आम्हाला भोवला.

थरथर आधी नकटीला लागली. वळण आलं की शहाण्यासारखी वळायची. समोर सरळ रस्ता दिसला की पुढची चाकं लटलटायला लागायची आणि गाडी दारू प्यायल्यासारखी जायची. चाकं वळवायला आत काडेपेटीएवढी मोटर असते, तिला सर्वो म्हणतात. चिमटीनं तो बदलला. पंधरा दिवस बरं वाटलं, की आम्हाला तसं वाटलं, देव जाणे. पुन्हा थरथर. मग वायर बदलली, चाकांचे छर्रे बदलले, रिमोटमधली काडी बदलली. पुन्हा सर्वो. तोवर दाजींच्या दुसऱ्या गाडीला, म्हशीला, तेच लागलं. मग त्यांच्या तिसऱ्या गाडीला. बाकी कुणाच्या गाडीला नाही.

"एकाच फळीवर ठेवता," ताई म्हणाली, "एकीचं दुसरीला लागलं असेल."

दाजी चिमटीला टोचायचे. "मोबाईल असेच दुरुस्त करतेस का गं? गिऱ्हाइकाच्या कानाशी फोन थरथरत असेल."

"फोननं थरथरायचंच असतं अप्पा. नाही थरथरला तर गिऱ्हाईक परत घेऊन येतं."

पण पोरगी आतून जळत होती. घरी टेबलावर स्वतःच्या रिमोटला जोडून बघितलं की गाडी ठणठणीत. अंगणात नेली की हीच रड. त्या रविवारी नकटी तिसऱ्यांदा रस्ता सोडून पायरीला धडकली तेव्हा ती उठली आणि हात पुढं केला.

"अप्पा, रिमोट द्या. आज कायदा मोडणार."

"मोड. तुझ्या हातानं तरी काय उजेड पडणार आहे?"

त्या अंगणात सिमेंटच्या दोन लाद्यांमध्ये एक लांब सांध आहे, फाटकापासून भिंतीपर्यंत. आम्ही गाड्यांची परीक्षा त्या सांधेवरच घेतो. चिमटीनं नकटी सांधेवर ठेवली, अंगठा काडीवर टेकवला आणि सोडली.

मग जे झालं ते सुरुवातीला सांगितलं.

"दे इकडे," दाजी म्हणाले. त्यांनी सोडली. चार हातांवर लटलट सुरू.

"मेहुणे, तुम्ही घ्या."

मी काय चालवणार? आमच्यात मी सगळ्यांत कच्चा, माझी गाडी भिंतीशी जास्त बोलते. पण माझ्याही हातात नकटी सरळ गेली. भिंतीला टेकून थांबली, आणि मला ती परत बोलवायचं भान राहिलं नाही.

दाजींनी रिमोट माझ्याकडून घेतला नाही. हात मोकळा सोडून उभे राहिले. मोकळ्या हाताचा अंगठा पहिल्या बोटावर फिरत होता. गोल गोल, न थांबता, मेणाची गोळी वळावी तसा.

"अहो, ती सवय आहे तुमची," ताई घाईनं म्हणाली. "मेण वळायची."

दाजींनी तळवा उघडून तिच्यापुढं धरला.

"मेण कुठाय?"

ताईच्या मांडीवरचा डबा घरंगळला. बॅटऱ्या अंगणभर गेल्या. कुणी वेचायला वाकलं नाही.

हे आम्ही दीड-दोन वर्षं बघत होतो हो! जेवताना, गप्पा मारताना, दारात उभं असताना तो अंगठा फिरताना चौघांनी बघितला होता. कवळीवाल्याचा हात, मेण वळायचाच, म्हणून कुणी दुसऱ्यांदा बघितलं नाही. काखेत कळसा म्हणतात, तो निदान काखेत तरी असतो. हा आमच्या डोळ्यांसमोर हलत होता.

दुपारी घरी आलो. चिमटीनं चप्पलसुद्धा काढली नाही, सरळ फळीवरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा खाली घेतला. त्यात तिनं काढून टाकलेले सर्वो होते, प्रत्येकावर कागदाची पट्टी. नकटी, म्हैस, पुन्हा नकटी, आणि खाली महिना. तिनं पहिला जोडला. डावीकडे फिरला, उजवीकडे फिरला, मधे येऊन गप्प उभा राहिला. दुसरा जोडला. तोही तसाच. आम्ही समोर बसून मोजत होतो. अकराच्या अकरा जिवंत.

"मामा," ती म्हणाली, "अकरा चांगल्या मोटरी मी मेल्या म्हणून डब्यात टाकल्या."

मला तिच्याकडं बघवेना म्हणून मी खाली बघितलं. टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी होती. ती माझी. दाजींनी चहाचा कप उचलला की बशी वाजायची, म्हणून टेबल डगमगतंय असं ठरवून मीच ती सारली होती, आणि वर शाबासकीही घेतली होती. मी वाकून ती ओढून काढली. टेबल जागचं हललं नाही. चारी पाय जमिनीला घट्ट.

ताई उठून आत गेली आणि दाजींचा शर्ट घेऊन आली. नुसती काजं दाखवली. बटण लवकर लागत नाही म्हणून तिनं सगळ्या शर्टांची काजं कात्रीनं मोठी करून ठेवली होती.

दाजी खुर्चीत बसून आमचा हा तमाशा बघत होते. म्हणाले, "वा! माणूस सोडून सगळं दुरुस्त केलंत."

मज्जातंतूंच्या डॉक्टरनं त्यांना चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, कागदावर चार ओळी लिहायला सांगितलं. पहिली ओळ ठीक होती. चौथ्या ओळीत अक्षरं मुंगीएवढी झाली. डॉक्टर सरळ बोलला. दुखणं मेंदूतलं आहे, पुरतं बरं होत नाही, गोळ्यांनी आवरतं, आणि वाढेल, पण सावकाश.

"हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच," दाजी म्हणाले. मग नेहमीप्रमाणं डॉक्टरच्या तोंडात बघत, "तुमची खालची दाढ हलतेय. आणि मला एवढं सांगा, दात बसवता येतील का मला?"

"बसवून बघा," डॉक्टर म्हणाला. "ते हातच सांगेल."

पण दाजी बसेनात. कामाच्या टेबलावर एका निवृत्त मुख्याध्यापिकेची अख्खी कवळी ओल्या फडक्याखाली पडून होती. वरचे दात लागलेले, खालच्या मेणावर एकही नाही. बाई पातळ खाऊन दिवस काढत होत्या, आणि त्यांच्या दातांच्या डॉक्टरांकडून रोज फोन. तीन दिवस दाजी त्या टेबलाकडं फिरकले नाहीत. फडकं वाळलं की ताई गुपचूप ओलं करून ठेवायची. घरात कुणी विचारत नव्हतं, पण सगळ्यांचे कान त्या खोलीकडं. दात बसला नाही तर हा माणूस करणार काय? बत्तीस वर्षांत दुसरं काही शिकलाच नाही.

चौथ्या दिवशी सकाळी स्टूल ओढल्याचा आवाज आला. आम्ही तिघं दारात जाऊन उभे राहिलो, चोरासारखे.

"आत या नाहीतर मरा तिकडं," दाजी पाठमोरेच म्हणाले. "उजेड अडतोय."

त्यांचा उजवा हात मांडीवर होता आणि चांगलाच थरथरत होता, पॅंटचं कापड हलताना दिसत होतं. डाव्या हातानं त्यांनी दिवा पेटवला. उजवा हात उचलला, मेणाची सुरी ज्योतीवर धरली. मग एक दात घेतला, आणि हात थांबला. माझा विश्वास बसेना. दगडासारखा थांबला. दात मेणात गेला, सुरी भोवतीनं फिरली, दात उभा राहिला. हात मांडीवर आला. लगेच थरथर. पुन्हा उचलला. पुन्हा दगड. चिमटीनं तोंडावर हात दाबून धरला. इतक्या दिवसांत अंगणात जे झालं त्याचा धक्का पचला नव्हता, आणि आता हा दुसरा.

"म्हणून वळताना गाडी शहाणी होती," ती पुटपुटली. "वळताना हात काम करतो. सरळ जाताना नुसता टेकलेला असतो."

"माझी आई सांगून सांगून थकली, हात रिकामा ठेवू नकोस," दाजी म्हणाले. "आता रोगच ते सांगतोय."

पण खोटं कशाला सांगू, पूर्वी खालचे चौदा दात ते जेवणाच्या आत बसवायचे. त्या दिवशी दिवेलागण झाली. हात थरथरला नाही, पण मंद झाला होता, आणि ते त्यांना आमच्या आधी कळलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच काम पाठवणाऱ्या तिन्ही डॉक्टरांना फोन करून सांगितलं : यापुढं निम्मंच काम पाठवा, आणि घाई असेल तर दुसरीकडं पाठवा. मुख्याध्यापिकाबाईंची कवळी एका फटक्यात बसली. परत आली नाही.

चिमटीला मात्र चैन नव्हतं. तिनं एक तोड काढली. "अप्पा, रिमोटच्या काडीखाली कडक स्प्रिंग घालते. बारीक थरथर गाडीपर्यंत जाणारच नाही. तुमच्या हातातही सरळ जाईल."

दाजींनी विचार केला. "म्हशीला घाल. बाकीच्यांनाही घाल. नकटीला नको."

"का?"

"तुम्ही तिघं रोज म्हणाल, आज बरं दिसतंय हं. तोंडावर खोटं बोलाल. ती बोलणार नाही."

ताई उठली. तिनं खिडकीतला खडू उचलून बॅटऱ्यांच्या डब्यात टाकला.

आता रविवारी सगळ्यात आधी नकटी सोडतात. घरचा कायदा मोडीत निघालाय. सगळ्यांच्या गाड्या सगळे चालवतात, पण नकटीची पहिली फेरी दाजींची. ती सांध सोडून जिथं जास्तीत जास्त बाहेर जाते तिथं ताई खडूनं रेघ मारते. पहिल्या रविवारी सांधेपासून रेघेपर्यंत वीत होती. आणि याच हाताला आम्ही दोन वर्षं सवय म्हणत होतो.

गोळ्या सुरू झाल्यावर दुसऱ्या महिन्यात गोदामाचा पहारेकरी बघत उभा होता. म्हणाला, "काका, गाडी बिघडली वाटतं."

"गाडी ठणठणीत आहे. चालवणारा बिघडलाय."

पहारेकऱ्याला हसावं की नाही कळेना. दाजी तोवर रेघेपाशी उकिडवे बसले होते. मान वाकडी करून त्यांनी सांधेकडं बघितलं, एखाद्याच्या तोंडात बघावं तसं, आणि डाव्या हाताची बोटं मधल्या जागेत ठेवली.

"किती?" ताईनं विचारलं.

"चार बोटं," दाजी म्हणाले. "सैल आहे. पण पडणार नाही."