गोदामाचा परिच्छेद

पाठ्यपुस्तकांच्या कचेरीत बाई एकोणतीस वर्षं मुद्रितं तपासत होत्या. पान छापायला जाण्याआधी ऱ्हस्व-दीर्घ, काना-मात्रा, स्वल्पविराम बघायचे आणि खाली सही करायची. मजकूर खरा की खोटा ते बघायला वरच्या मजल्यावर इतिहास समिती होती.

आठवीच्या पुस्तकात एक परिच्छेद होता, युद्धात नदीकाठच्या धान्यगोदामात कोंडून मारलेल्या माणसांचा. बाई नोकरीला लागल्या तेव्हा शत्रूने चारशे निरपराधांची कत्तल केलेली होती. पुढे शेजाऱ्यांशी करार झाला, तेव्हा कत्तलीची 'दुर्दैवी घटना' झाली आणि मारणारा वाक्यातून गायबच झाला. नंतरच्या सरकारनं त्याला परत आणलं आणि आकडा हजारावर नेला. दर वेळी बाईंनी अनुस्वार तपासले आणि सही केली.

त्यांचे वडील त्या गोदामात वजनकाट्यावर होते. वय सतरा. काट्याखालच्या खड्ड्यात शिरले म्हणून वाचले, एवढंच घरात माहीत होतं. स्वतः त्यांनी कधी ब्र काढला नाही. फक्त घरातल्या कुठल्याही दाराला आतून कडी लावू द्यायचे नाहीत.

यंदा पुस्तक पुन्हा बदललं. कचेरीत रंगकाम चालू होतं म्हणून बाईंनी मुद्रितं घरी आणली. त्या भाजी चिरत होत्या, तेवढ्यात वडिलांनी भिंग घेऊन ते पान वाचलं.

"हे कोणी लिहिलं?"

"समितीनं, बाबा."

"एकसष्ट माणसं होती," ते म्हणाले. "आणि मारणारे आपलेच सैनिक होते. माघार घेत होते. आम्ही शत्रूला धान्य देऊ, अशी त्यांना भीती. त्यातल्या एकानं आदल्या दिवशी माझ्याकडून काडेपेटी नेली होती."

बाईंनी विळी बाजूला सरकवली. "इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"विचारलं कोणी? जो आला तो मलाच सांगून गेला."

दुसऱ्या दिवशी बाई वरच्या मजल्यावर गेल्या. समितीचे प्राध्यापक भले गृहस्थ होते. सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"बाई, आम्हाला माहीत आहे. तीन साक्षी कपाटात आहेत. चौथी तुमच्या वडिलांची घेऊ."

"आणि पुस्तकात?"

"ते छापलं तर पुस्तकच निघणार नाही. दोनदा प्रयत्न केलाय मी. आता अंगात त्राण नाही."

त्यांना बोल लावावा असं बाईंना वाटेना. आपण तरी इतकी वर्षं काय केलं?

प्राध्यापक रविवारी स्वतः घरी आले. वडिलांनी दोन तास साक्ष दिली, एकेक नाव, त्याचं काम, तो कुठं उभा होता, सगळं. चोपन्नाव्या नावाला अडले आणि स्वतःवरच चिडले. प्राध्यापक गेल्यावर संध्याकाळपर्यंत आणखी तीन आठवली. पाच राहिली.

बाईंनी त्या पानावर सही केली नाही. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा. साहेबांनी विचारलं, "बरं नाही का?" त्या "हो" म्हणाल्या. पान शेजारच्या टेबलावर गेलं, तिथं सही झाली. पुस्तक वेळेवर निघालं.

"आलं का?" वडिलांनी विचारलं.

"आलं."

"काय म्हणतंय?"

"तेच."

"अक्षर तरी मोठं केलंय का?"

बाईंना हसू आलं आणि मग रडूही आलं. वडील म्हणाले, "हमालांना पाणी देणारी एक बाई होती. तिचं नाव आठवलंय. प्राध्यापकांना कळव."

बाईंनी फोन केला. प्राध्यापक रजेवर होते. कारकून म्हणाला, लेखी आणून द्या. मंगळवारी हाफ डे टाकून बाई त्या नावाची चिठ्ठी घेऊन गेल्या आणि कपाट उघडून साक्षीच्या फाइलला लागेपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या.